दोन चॅनल आणि चारशे साठ रुपये

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्याचा गोषवारा असा. घरात तिघं: त्या, गेल्या वर्षी अंबडच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले यजमान आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. मुलगा पुण्याला. केबलचं बिल महिन्याला ४६० रुपये. निवृत्तीनंतर यजमानांनी घरखर्चाची वही हातात घेतली आणि पहिली काट केबलवर मारली. ‘गच्चीवर डिशची छत्री लावू, फुकट दिसतं,’ असं त्यांचं म्हणणं. क्रिकेटही त्यात दिसतं असं त्यांनी ऐकलंय. मुलगा म्हणतो, ‘वायफाय घ्या, आजीला मोबाइलवर मालिका लावून द्या.’ शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘छत्री गावाकडे लावतात, आपल्या सोसायटीत बरं दिसेल का?’ यजमानांच्या एका मित्राने वर्षाला दोन हजारांत सगळे चॅनल दाखवणारा डबा (सेट-टॉप बॉक्स) सुचवलाय. केबलवाला १८ वर्षं येतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, हीही अडचण. सासूबाईंना यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात: केबल बंद करून स्वस्तात टीव्ही बघता येतो का, आणि घरात भांडण न होता?

ताई,

तुमच्या चार पानांत ४६० हा आकडा पाच वेळा आलाय. सासूबाई नक्की काय बघतात ते मात्र एकदाच, तेही कंसात: ‘त्यांच्या मालिकांची दोन चॅनल’. मला वाटतं, तुमचं उत्तर त्या कंसातच बसलंय.

सल्ला देणारी तिन्ही माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाहीये. तुमचे यजमान बिलाबद्दल बोलतायत. मुलगा त्याच्या स्वतःच्या सवयीबद्दल बोलतोय. शेजारच्या वहिनी चार लोकांत कसं दिसेल याबद्दल. टीव्हीबद्दल बोलू शकेल अशी घरात एकच व्यक्ती आहे, रोज साडेतीन तास त्याच्यासमोर बसणारी, आणि तिला कोणी विचारलेलं नाही.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. टीव्हीशेजारी भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठवडाभर लिहा: कोणी, किती वाजता, कुठलं चॅनल. आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा दोनशेच्या वर चॅनल येत होती आणि कागदावर नावं आली सात. त्यातली तीन बातम्यांची, म्हणजे एकच म्हणा ना. तुमच्याकडे पाच आली तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आता बिलाकडे. ‘केबल ठेवायची की काढायची’ असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. मधला एक रस्ता आहे आणि तो कोणी आपणहून दाखवत नाही, कारण त्यात कोणाचाच फायदा नाही, तुमचा सोडून. २०१९ पासून ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार, केबल असो वा डिश, पैसेवाली चॅनल सुटी सुटी निवडायचा हक्क आपल्याला आहे. बिलाचे दोन भाग असतात. एक, नेटवर्कचं शुल्क: वायर तुमच्या घरापर्यंत आणल्याचे पैसे, ज्यात दूरदर्शनची चॅनल आणि इतर फुकट चॅनल येतात. दुसरा भाग पैसेवाल्या चॅनलांचा. जे चॅनल पॅकमध्ये घालून विकायचं, त्याची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मराठी मालिकांची मोठी चॅनल पॅकमध्ये असतातच, म्हणजे सासूबाईंची दोन चॅनल जास्तीत जास्त ३८ रुपयांची. त्यावर १८ टक्के कर धरा, ४५ च्या आत झाले. नेटवर्कच्या शुल्काला पूर्वी १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ च्या आसपास, अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये ती काढली, त्यामुळे तुमचा केबलवाला आज काय लावतो ते त्यालाच विचारावं लागेल. पण जुन्याच दराच्या आसपास असेल तर सगळं मिळून दोनशे रुपये.

४६० चे २००. वर्षाला तीन हजार रुपये वाचले, भिंतीला भोक न पाडता, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पाया न पडता. आणि सासूबाईंना पत्ताही लागणार नाही, कारण त्यांच्या रिमोटवरचे नंबर तेच राहतील.

केबलवाला म्हणेल, ‘सुटं परवडत नाही ताई, पॅकच घ्या.’ म्हणू दे. भिंतीवरचा कागद त्याच्यापुढे धरा आणि म्हणा, ही पाच चॅनल, याचे किती होतात ते लिहून दे. कधी कधी खरंच एखादा छोटा मराठी पॅक सुट्या हिशेबापेक्षा स्वस्त पडतो. तसं असेल तर तो घ्या, हट्ट नको. पण आकडा लेखी हवा.

आता यजमानांची छत्री. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धं आहे. दूरदर्शनची फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. डिश, डबा, वायर आणि लावणावळ मिळून साधारण दीड-दोन हजार रुपये एकदाच घालायचे. पुढे महिन्याचं काही नाही. रिचार्ज हा प्रकारच नाही. (उद्या कोणी फोन करून ‘फ्री डिशचं वार्षिक रिचार्ज संपलंय, ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. हे यजमानांना मुद्दाम सांगा. निवृत्त माणसांना असे फोन फार येतात.) सह्याद्री दिसतं, दूरदर्शनची बाकी चॅनल दिसतात, हिंदी सिनेमे भरपूर, बातम्या, भजन-कीर्तन. खाजगी चॅनल तिथली जागा लिलावात घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. गेल्या वर्षी दिसलेलं मराठी चॅनल यंदा दिसेलच असं नाही. आणि सासूबाईंच्या मालिका ज्या मोठ्या पैसेवाल्या मराठी चॅनलवर लागतात, ती तिथे सहसा नसतात. हे दुकानदार आपणहून बोलत नाही. एम. जी. रोडला किंवा जवळच्या कुठल्याही दुकानात जाल तेव्हा चालू डबा लावून यादी खाली-वर करून बघा, आज काय दिसतंय ते. छापील जाहिरातीवर जाऊ नका. डबा एमपेग-फोरचाच, म्हणजे चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा, मागा. जुना एमपेग-टूचा स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, त्यात चॅनल कमी येतात. तुमच्या स्मार्ट टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर असेल तर डबाही लागणार नाही. टीव्हीच्या मागे बघा, गोल पेचाचं, मधे सुईएवढं भोक असलेलं टोक आहे का, आणि त्याच्याजवळ ‘सॅटेलाइट’ असं लिहिलंय का. नुसत्या केबलचंही तसंच टोक असतं, म्हणून लिहिलेलं वाचा.

छत्री तुमच्या इमारतीवर बसेल का, हे मेकॅनिकला बोलवण्याआधी तुम्हीच पाहू शकता. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. नाशिकहून पाहिलं तर जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि बराच वर: क्षितिज आणि डोक्यावरचं आभाळ यांच्या मधोमध नव्हे, त्याहून थोडा वरच. म्हणजे समोरची चार मजली इमारत अगदी अंगावर नसेल तर आड येत नाही. पण फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर गॅलरीत छत्री लावून उपयोग नाही, गच्चीच गाठावी लागेल. ओळखायची एक सोपी खूण आहे. मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आभाळात बरोबर त्याच जागी असतो. त्या वेळी गॅलरीच्या ज्या कोपऱ्यावर थेट ऊन पडतं, तिथे छत्री चालते. (त्याच दिवसांत पाच-दहा मिनिटं चित्र जातंही, कारण सूर्य उपग्रहाच्या बरोब्बर मागे येतो. दरवर्षीचं आहे, मेकॅनिकला पैसे देऊ नका.) जुलैत पावसाची मोठी सर आली की चित्राचे चौकोन पडतात आणि जातं. सर ओसरली की येतं.

सोसायटीचा प्रश्न ‘बरं दिसेल का’ हा नाहीच. खरा प्रश्न गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. मेकॅनिक घाईत असतो, तो स्लॅबवर चार भोकं पाडून बोल्ट ठोकतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो. पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल येते आणि मग मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालंय. दोन हजारांच्या छत्रीपायी अकरा हजारांचं वॉटरप्रूफिंग अंगावर आलं आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं ते वेगळंच. कठड्याच्या आतल्या बाजूला लावा, किंवा सिमेंटच्या वजनदार ठोकळ्यावर. सेक्रेटरींना दोन ओळींचा अर्ज द्या, कुठे लावणार ते लिहून.

राहिलं शेजारच्या वहिनींचं. एके काळी आपल्याकडे ज्याच्या गच्चीवर अँटेना तो श्रीमंत होता आणि टीव्हीच्या लायसन्सचे पैसे पोस्टात रांग लावून भरायला लागायचे. त्यांना तेही आठवत असेल, विचारून बघा.

क्रिकेटचं यजमानांनी ऐकलंय ते खरं आहे, आणि तुम्ही विचारलंय, ‘मग आमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्स असून मॅच का दिसत नाही?’ हा प्रश्न मला फार आवडला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी कंपन्यांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ते चित्र दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपणातून आणि फ्री डिशवरून दाखवावं. केबलवाल्यांना आणि खाजगी डिशवाल्यांना त्याच रस्त्याने फुकट पोचवू नये, कारण हक्क विकत घेणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून तेच चॅनल, तोच दिवस, आणि तुमच्या केबलवर मॅचऐवजी दुसरंच काही. यजमानांना भारताची मॅच एवढंच बघायचं असेल तर छत्री हा सौदा वाईट नाही. आयपीएल या यादीत नाही, ते मात्र त्यांना आधीच सांगा, नाहीतर मार्चअखेरीस घरात तोंड फुगेल.

मुलाच्या वायफायबद्दल मी जरा सावध आहे. एक वर्षापूर्वी मीच एका ॲपचं वर्षाचं पॅक घेतलं, सवलतीत, खूश होऊन. टीव्हीवर लावायला गेले तर म्हणे हे फक्त मोबाइलवर चालतं. अटी बारीक अक्षरात होत्या, चष्मा स्वयंपाकघरात होता. तेव्हा पैसे भरण्याआधी मुलाला एकच विचारा: ‘हे आजीच्या टीव्हीवर दिसणार ना?’ झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर असतात. म्हणजे सासूबाईंची दोन चॅनल दोन वेगळ्या कंपन्यांची असली तर दोन ॲपं, दोन वर्गण्या, वर वायफायचं बिल. नुसत्या टीव्हीसाठी वायफाय घेणं मला पटत नाही. केबलपेक्षा महागच पडतं. मुलगा घरून काम करायला येणार असेल, तुम्हाला व्हिडिओ कॉल लागत असतील, म्हणजे वायफाय तसंही येणार असेल, तर गोष्ट वेगळी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवू म्हणाल तर चांगल्या चित्राला तासाला एक-दीड जीबी सहज जातो. दिवसाचा दोन जीबी डेटा तिसऱ्या-चौथ्या मालिकेच्या मध्यावर संपेल, नेमका सून तोंड उघडणार तेव्हा.

फुकटातलं ऑनलाइन काही हवं असेल तर यूट्यूबवर सह्याद्री आहे आणि मराठी बातम्यांची बहुतेक चॅनल थेट चालू असतात. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचं ॲप काढलंय, त्यात दूरदर्शनची चॅनल आहेत. यजमानांच्या दुपारच्या बातम्यांना एवढं पुरे.

पण ‘आजीला मोबाइलवर लावून द्या’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. ८१ व्या वर्षी सहा इंचांच्या काचेवर मालिका? आणि ‘लावून द्या’ म्हणजे रोज साडेसहाला हातातलं टाकून कोण लावून देणार, ताई? तुम्हीच. पत्रात तुम्ही संध्याकाळी डब्यांच्या पोळ्या करता असं लिहिलंय. पिठाच्या हाताने जाहिरात ‘स्किप’ करायची, अडकलं की मागे जायचं, पासवर्ड परत टाकायचा. या कामाचा आकडा वहीत येत नाही म्हणून ते फुकट आहे असं तुमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांना वाटतंय. जी व्यवस्था सासूबाईंना एकट्याने सुरू करता येत नाही, ती तुमच्यासाठी स्वस्त नाही.

माझ्या आईचा टीव्ही बदलला तेव्हा तिला नव्या रिमोटवरची पंचेचाळीस बटणं बघून रडू यायचं बाकी होतं. मी चालू-बंदवर लाल टिकली लावली, तिच्या दोन आकड्यांवर हिरव्या, आणि बाकीच्यांवर पांढरी चिकटपट्टी ओढली. टिकल्या महिन्याला गळायच्या, ती स्वतः नवीन लावायची. सात वर्षं चाललं.

मित्राचा दोन हजारांचा डबा: नको. ‘सगळे चॅनल’ वर्षाला दोन हजारांत देणारा माणूस ती चोरूनच देतो, आणि एक दिवस तो फोन उचलत नाही. वर अशा डब्यांत आणि लिंकवरून टाकलेल्या ॲपांत काय बसवलेलं असतं, ते आपल्याला कळत नाही. त्याच वायफायवर यजमान बँकेचं काम करणार.

केबलवाल्याबद्दल तुम्ही उगाच अपराधी वाटून घेताय. १८ वर्षं तो वेळेवर आला, तुम्ही वेळेवर पैसे दिले, हिशेब बरोबर आहे. त्याला खरं सांगा, की यजमान निवृत्त झाले, खर्च आवरायचाय. दोनशेचं गिऱ्हाईक जाण्यापेक्षा राहिलेलं त्याला बरं. बरेच केबलवाले आता इंटरनेटही देतात. वायफाय कधी घ्यायचंच ठरलं तर त्याचाही दर विचारा, घराजवळचा माणूस बिघाडाला लवकर येतो. आणि पूर्ण बंदच करायची वेळ आली तर डबा तुमचा की भाड्याचा हे बघा. भाड्याचा असेल तर परत देताना पावती घ्या आणि अनामत मागा. अनामत मागायला लाजू नका.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात फक्त पॅक कापलं असतं. तीन महिने बघितलं असतं. यजमानांचा मॅचचा हट्ट तेव्हाही टिकला तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात अकराच्या उन्हात जागा पाहून छत्री. टीव्हीला ती दुसऱ्या वायरीने जोडता येते, केबल काढायची गरज नसते. रिमोटवरचं ‘सोर्स’ बटण यजमानांनी शिकावं, त्यांना आता वेळ आहे. ज्या घरात सासूबाईंसारखं कोणी नाही, मालिकांचं वेड नाही, गच्ची स्वतःची आहे, त्यांनी मात्र सरळ छत्री लावावी आणि केबल काढावी. सिडकोतल्या रो-हाउसवाल्यांनी एवढा विचारही करू नये. आणि एकट्या राहणाऱ्या, वायफाय असलेल्या पोरांना माझ्या सल्ल्याची गरज नाही, त्यांच्याकडे टीव्हीच नसतो.

सासूबाईंना सांगायचं कधी, हे तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून विचारलंय. कागद भिंतीवर लावाल त्याच दिवशी सांगा, आणि पहिलं नाव त्यांनाच लिहू द्या. यजमानांनी सांगावं, तुम्ही नाही. आई त्यांची, काट त्यांची. फक्त मालिका चालू असताना नको. जाहिरात लागली की सांगायला लावा.